च्योत्तो म्हणजे बघू

२०१८ साल, गणपतीच्या तोंडावरची गोष्ट. आमची कंपनी चाकणला आहे, गाड्यांना लागणारे रबराचे पार्ट बनवते. सील, बुश, ग्रोमेट असलं सगळं. मी क्वालिटीत. एका जपानी गिऱ्हाइकाबरोबर दर मंगळवारी व्हिडिओ कॉल असायचा आणि त्या मंगळवारी नेमक्या दुभाषी बाई रजेवर होत्या. कुणीतरी टॅबवर भाषांतराचं ॲप लावलं आणि टॅब स्पीकरला टेकवून उभा केला. आमचे प्लांट हेड म्हणाले, एक मोल्ड बिघडलाय, माल चार दिवस उशिरा आला तर चालेल का? पलीकडच्या साहेबांनी दातांच्या फटीतून हवा आत ओढली, मान जरा कलती केली आणि म्हणाले, "सोरे वा च्योत्तो..." आणि थांबलेच. टॅबवर इंग्रजीत उमटलं: ते थोडंसं.

आमच्या बाजूला सगळ्यांचे चेहरे उजळले. थोडंसं म्हणतायत, म्हणजे थोडा उशीर चालेल!

माल चार दिवस उशिरा गेला. त्यानंतर आलेली मेल प्लांट हेडनी कुणाला वाचून दाखवली नाही, पण त्यांच्या केबिनचं दार दिवसभर बंद होतं यावरून अंदाज आला. दुभाषी बाई परत आल्या तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, 'च्योत्तो' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की ते 'नाही' असतं. चक्क नाही."

मला माझे मामा आठवले. स्थळ असो, उसने पैसे असोत की नाटकाची तिकिटं, मामांचं उत्तर एकच: "बघू." मामांचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे घरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळायचं. त्या टॅबला मामांचं बोलणं ऐकवलं असतं तर त्यानं काय लिहिलं असतं, याचा विचार करत मी त्या दिवशी घरी आले, आणि रात्री जेवण झाल्यावर मुलीला म्हटलं, मी जपानी शिकणार. मी तेव्हा ४४ वर्षांची होते. मुलगी म्हणाली, "बघू."

क्लास लावायचा तर वेळ बसत नव्हती. कंपनीची बस सकाळी पावणेसातला चिंचवडहून निघते आणि संध्याकाळी सातच्या पुढे कधीतरी परत सोडते. चाकणच्या तळेगाव चौकाची कृपा असेल तर आठ. पुण्यात जपानी शिकवणारे चांगले क्लास पूर्वीपासून आहेत, पण ते सगळे नदीपलीकडे. राहिला फोन. रोजचे बसमधले दोन-अडीच तास आणि फोन एवढ्या भांडवलावर मी सुरुवात केली.

पहिलं ॲप मुलीनंच घालून दिलं. रंगीत, उड्या मारणारं, बरोबर आलं की टाळ्या वाजवणारं. मी ९७ दिवस एकही दिवस चुकवला नाही. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसूनसुद्धा पाच मिनिटांचा धडा उरकला. शिकण्यासाठी नाही हो, ते आकडे तुटू नयेत म्हणून. अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी जपानहून साहेब कंपनीत आले आणि मला त्यांना एवढंच विचारायचं होतं, की तुम्ही बसने आलात की गाडीने. तोंडातून शब्द फुटेना. मला येत होतं ते ठोकळे बघून ठोकळे लावायचं. समोर ठोकळे नसले की मी मुकी.

आणखी एक गोम मला उशिरा कळली. ॲप इंग्रजीतून शिकवत होतं. म्हणजे आधी 'आय गो टु द ऑफिस बाय बस' वाचायचं, मग त्याची मोडतोड करून जपानी लावायचं. आता हे बघा: 'वाताशि वा बासु दे काइश्या नि इकिमासु.' मी, बस-ने, कंपनी-त, जाते. क्रम तोच. 'दे' म्हणजे आपला 'ने', 'नि' म्हणजे 'त' किंवा 'ला', आणि दोन्ही शब्दाच्या मागेच लागतात. मराठी माणसाला इथे काहीही उलटंपालटं करावं लागत नाही. मी आपली चिंचवडहून चाकणला जाण्यासाठी रोज लंडनला वळसा घालत होते.

ते ॲप काढून टाकलं आणि दुभाषी बाईंनी सुचवलेलं आंकी घेतलं. दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखं. टाळ्या नाहीत, उड्या नाहीत, काही नाही. कार्डाची एक बाजू दिसते, तुम्ही मनात उत्तर द्यायचं, कार्ड उलटायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. 'ईझी' दाबलं तर ते कार्ड बऱ्याच दिवसांनी येतं, 'अगेन' दाबलं तर लगेच. विसरण्याच्या बेतात असताना आठवायला लावायचं, एवढीच त्यातली युक्ती. माणूस किती वेगानं विसरतो याचा आलेख एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ सालीच छापला होता. त्याच तत्त्वावर पुढे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून कार्डं फिरवणारे लोक झाले, मग कॉम्प्युटर आला. आंकी २००६ मध्ये आलं, आणि ते ज्यानं बनवलं त्या डेमियन एल्म्सला स्वतःला जपानीच शिकायची होती. नावसुद्धा जपानी; आंकी म्हणजे पाठांतर. पाढे म्हणून वाढलेल्या आपल्या पिढीला पाठांतराची लाज वाटायचं कारण नाही, पण पाढे रोज दोनपासून तीसपर्यंत म्हणावे लागत. इथे येतात ते पाढे मशीन मागतच नाही, अडतात तेवढेच मागतं.

नेटवर तयार कार्डांचे गठ्ठे मिळतात. मीही एक घेतला. मागच्या बाजूला सगळं इंग्रजी. दोनेक महिने तसंच रेटलं, आणि मग एक दिवस मोशीच्या आसपास बस अडकलेली असताना 'काइते ओकु' असं कार्ड आलं. मागे इंग्रजीत तीन ओळी: पुढच्या सोयीसाठी एखादी गोष्ट आधीच लिहिण्याची क्रिया करणे, वगैरे. 'काइते' म्हणजे लिहून हे येत होतं. 'ओकु' म्हणजे काय म्हणून शब्दकोश उघडला. ओकु: ठेवणे.

लिहून ठेवणे!

मी बसमध्ये मोठ्यानं म्हणाले असणार, कारण शेजारच्या अकाउंट्सच्या मॅडमनी कानातला इअरफोन काढून "काय झालं?" म्हणून विचारलं. मग मी झपाटल्यासारखी शोधत गेले. 'ताबेते मिरु': मिरु म्हणजे बघणे, म्हणून खाऊन बघणे. 'मोत्ते कुरु': घेऊन येणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे, आणि त्यात 'टाकलं बाई एकदाचं' हा सूरही आपल्यासारखाच. जे सांगायला इंग्रजी पुस्तकाला पान-पान लागतं ते आपली आजी चुलीपाशी बसून बोलत आली आहे.

त्या दिवसापासून मी रोज रात्री वीस कार्डांची पाठ पुसून तिथे मराठी लिहायला लागले. कंटाळवाणं काम. पण माझं मत विचाराल तर जपानी मला जी काही आली ती त्या पुसण्या-लिहिण्यात आली. तयार गठ्ठा म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला ऊस.

जपानी अक्षरं टाइप करायला फोनवर बारा कळांचा कीबोर्ड असतो, त्यानं मला असाच धक्का दिला. 'का'ची कळ नुसती दाबली तर का. बोट डावीकडे सरकवलं की कि, वर कु, उजवीकडे के, खाली को. ही तर बाराखडी! आणि कळांचा क्रम आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. म्हणून बघा: क, च, त, न, प, म, य, र, व. चच्या जागी त्यांचा स आहे आणि पच्या जागी ह, कारण तो ह फार पूर्वी प होता. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत लिहायची सिद्धम लिपी तिकडे गेली आणि वर्णमालेची शिस्त त्यांच्या अक्षरांना लागली. रोज मेसेज टाइप करणाऱ्या किती जपानी पोरांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

चित्रलिपीचं, म्हणजे कांजीचं प्रकरण वेगळं. रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवून दिलेल्या कांजीच २१३६ आहेत. आंकीत एखादं कार्ड आठदा हातातून निसटलं की मशीन ते बाजूला काढतं आणि त्यावर शिक्का मारतं: लीच. जळू. वेळ शोषणारं कार्ड. माझ्या जळवांमध्ये 'वाट पाहणे' आणि 'धरणे' या दोन कांजी कायम. दिसतात अगदी सख्ख्या बहिणी; उजवा भाग तोच, फक्त डावीकडचं एक चिन्ह निराळं. उच्चारही मात्सु आणि मोत्सु. (यातला 'त्सु' म्हणजे आपल्या 'चूक'मधला चू. मराठी माणसाला तो जन्मतः येतो, इंग्रजी बोलणारे त्यासाठी घाम गाळतात.)

कांजीचे तुकडे करून दाखवणारा एक शब्दकोश फोनवर आहे. त्यात बघितलं तर उजवा भाग म्हणजे देऊळ. 'धरणे'मध्ये डावीकडे हात. 'वाट पाहणे'मध्ये डावीकडे जे आहे ते मूळच्या चौकाच्या चित्रातलं अर्धं, म्हणजे रस्ता. देवळापाशी वाट. वाट पाहणे! इंग्रजीतल्या 'वेट'मध्ये रस्ता कुठेच नाही, मराठीत तो शब्दातच आहे. मग हातात नारळ धरून देवळात जाणारी ती 'मोत्सु', आणि देवळावर सूर्य कुठवर आला ते बघून कळते ती 'वेळ', कारण वेळेच्या कांजीत देवळाच्या डावीकडे सूर्य आहे. तिन्ही जळवा एका संध्याकाळी गळून पडल्या. विद्वान म्हणतील की तिथलं 'देऊळ' हे अर्थासाठी नसून उच्चारापुरतं आहे. असू दे. मला परीक्षा द्यायची होती, प्रबंध लिहायचा नव्हता.

इथवर माझी मराठी मला हात देत होती. आता तिनं पाय कुठे ओढला ते सांगते.

ऐकलेले शब्द मी पहिल्या दिवसापासून एका वहीत देवनागरीत लिहीत होते. देवनागरी म्हणजे जसं बोलतो तसं लिहितो, असं आपल्याला शाळेपासून सांगितलेलं. डिसेंबर २०१९ मध्ये पुण्यात एन-५ ची, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीची, परीक्षा दिली, पास झाले, पेढे वाटले. जपानी भाषेची ही परीक्षा, जेएलपीटी, पूर्ण पर्यायांची; उत्तराचा गोल काळा करायचा. बोलायला एक शब्द लागत नाही, लिहायला एक अक्षर लागत नाही. २०२० च्या जुलैची परीक्षा जगभर रद्द झाली, आम्ही सगळे घरात. तेव्हा एका रविवारी दुपारी सहज फोनचा कीबोर्ड जपानीवर टाकला आणि माइकचं बटण दाबून बोलले, "हायस्कूल." म्हणजे जपानीत, 'कोओकोओ'.

फोननं लिहिलं: इथे.

पुन्हा बोलले. इथे. जरा मोठ्यानं. इथे. सावकाश, सुटं, घसा साफ करून. इथे, इथे. मुलगी आतून ओरडली, "आई, कळलं त्याला, तू इथे आहेस!"

'इथे'ला जपानीत 'कोको' म्हणतात. दोन्ही ओ आखूड. हायस्कूलमधले दोन्ही लांब. आणि माझ्या वहीत दोन्ही शब्द 'कोको' असेच लिहिलेले होते, कारण देवनागरीत ओ एकच आहे. एसुद्धा एकच. त्यांना ऱ्हस्व-दीर्घ नाही. मग जिथे आहे तिथे तरी बरं असेल म्हणून 'युकि' आणि 'यूकि' घेऊन बघितले. पहिला म्हणजे बर्फ, दुसरा म्हणजे धैर्य. मी धैर्य म्हणत राहिले आणि फोनवर बर्फ पडत राहिला. इ-ई आणि उ-ऊ आपण लिहितो वेगळे, बोलतो कुठे? 'पाणी' ऱ्हस्व लिहा नाहीतर दीर्घ, बोलताना शेवटची वेलांटी आपण लांबच करतो. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचे जेवढे मार्क गेले ते सगळे मला कागदावरचे वाटायचे. कानालाही ते कधी शिकवलं नव्हतं, हे पंचेचाळिशी उलटल्यावर एका फोननं सांगितलं. हॉस्पिटलला जायचंय म्हटलं की तो ब्यूटी पार्लर लिहायचा. ब्योओइन आणि बियोओइन. काकू म्हटलं की आजी, आजी म्हटलं की काकू.

जोडाक्षराला मात्र मी एकदाही अडले नाही. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. ज्यानं कित्ता गिरवलाय त्याला हा फरक काय सांगायचा? आमच्या शॉपफ्लोअरवर वर्षानुवर्षं बोर्ड लागलेला आहे, 'मुदा टाळा'. मुदा म्हणजे वाया जाणारं काम. मुदा आणि मुद्दा यांत आमच्या मीटिंगमध्ये फारसा फरक नसला तरी कानाला तो व्यवस्थित कळतो.

दुसऱ्या दिवशी मी ती वही माळ्यावर टाकली. नियम केला: अर्थ मराठीत, उच्चार मराठी अक्षरांत कधीच नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त आवाज. आवाज मिळवायला एनएचके वर्ल्ड या जपानी वाहिनीचे धडे आणि जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पुस्तक कामी आलं. पुस्तक आणि त्याचा ऑडिओ दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. आणि रोज दहा शब्द फोनच्या माइकला सांगायचे. यात एक मेख आहे, ती कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. पूर्ण वाक्य बोललं तर फोन संदर्भावरून तुमची चूक स्वतःच सुधारून घेतो आणि तुम्हाला वाटतं आपलं बरोबर आलं. सुटा शब्द बोला. सुट्या शब्दाला तो दयामाया दाखवत नाही.

एन-४ झाली डिसेंबर २०२२ मध्ये. त्यात सांगण्यासारखं एवढंच की १८० पैकी ९० लागतात, आणि ऐकण्याच्या ६० मध्ये निराळे १९ लागतातच. माझे ऐकण्यातले मार्क वाचण्यापेक्षा जास्त आले. दुभाषी बाईंनी निकाल दोनदा वाचला.

फजिती मात्र पुढेच होती. एका जपानी पाहुण्यांसमोर फळ्यावर 'वेळ' लिहायची पाळी आली. देऊळ, सूर्य, सगळं डोळ्यांपुढे, आणि हात जागचा हलेना. फोनवर शेकडो कांजी ओळखणाऱ्या मला खडूनं चाळीस धड लिहिता येत नव्हत्या. पाहुणे हसले आणि म्हणाले, आमच्याकडेही हा रोग आहे, 'वापुरो बाका'. वापुरो म्हणजे वर्ड प्रोसेसर, बाका म्हणजे मूर्ख. टाइप करून करून हातानं लिहायचं विसरलेला माणूस. परत येताना गणिताची चौकटीची वही घेतली. ती अजून अर्धीच भरली आहे.

शिकवणं माझ्या गळ्यात कसं पडलं, तर २०२३ च्या पावसाळ्यात. आसपासच्या गावांतली आयटीआय झालेली सात पोरं. जपाननं २०१९ पासून कुशल कामगारांसाठी 'तोकुतेइ गिनो' नावाचा व्हिसा सुरू केला आहे. त्यासाठी कामाची परीक्षा आणि भाषेसाठी एन-४ किंवा त्या तोडीची कॉम्प्युटरवर होणारी दुसरी परीक्षा लागते. त्या सातांतला एक आमच्या मोल्डिंगला ट्रेनी होता. "ताई, तुम्ही शिकवाल का?" मी 'बघू' म्हणायला हवं होतं. म्हटलं, "या."

पोरं तीन शिफ्टला विखुरलेली, म्हणून क्लास रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉलवर. पहिल्याच दिवशी मी आपली शाळेच्या सवयीनं म्हणाले, "सगळे मिळून म्हणा." कानावर जे आलं ते पाण्याखालून आल्यासारखं होतं. कॉलचं सॉफ्टवेअर एका वेळी एकाचाच आवाज धरतं, बाकीचे दाबतं, आणि त्या एकाचाही अर्धा गिळतं. त्यात 'देसु', 'मासु' यांतला शेवटचा उ जपानी लोक जवळजवळ म्हणतच नाहीत, नुसता 'स्' सोडतात. तो 'स्' कॉलला गोंगाट वाटायचा. आठवड्याभरात सातही पोरं 'दे' आणि 'मा' म्हणायला लागली. त्यांनी बिचाऱ्यांनी जे ऐकू आलं तेच उचललं होतं.

मग रीत बदलली. कॉलवर फक्त मी बोलायचं आणि समजावायचं. पोरांनी आवाज बंद ठेवून आपापल्या घरी मोठ्यानं म्हणायचं, आणि नंतर व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. सकाळी बसमध्ये मी सात आवाज ऐकायची. एकाच्या मागे प्रेस मशीन धडधडतंय, एकाच्या मागे म्हैस. उत्तरही आवाजातच द्यायची, कारण 'लांब कर' हे लिहून सांगण्यात अर्थ नसतो, लांब करून दाखवावं लागतं.

तरी लांब-आखूड बसेना. शेवटी एका रविवारी पोरांना घरी बोलावलं, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि एकेकाला बोलायला लावलं. आवाजाचा आकार पडद्यावर दिसतो. आधी जपानी बाईचं 'किते': दोन छोटे डोंगर. मग 'कित्ते': दोन डोंगर आणि मध्ये सपाट रिकामी जागा. मग 'कीते', म्हणजे ऐक: पहिला डोंगर आडवा पसरलेला. आता तुमचं बघू. पहिल्याचा 'कीते' आणि 'किते' एकावर एक ठेवले तर तंतोतंत. पोरं वर्नियर आणि गेज हातात घेऊन वाढलेली. एकानं लगेच विचारलं, "ताई, टॉलरन्स किती?" म्हटलं, लांब स्वर आखुडाच्या सुमारे दुप्पट. मग काय, त्यांनी माउसनं डोंगर मोजायला सुरुवात केली. मिलिसेकंदांत. वहीत तक्ता आखला. मला हसू आवरेना, पण क्वालिटीच्या माणसानं मोजमापाला हसू नये.

त्यांच्यातला आळंदीच्या बाजूचा एक पोरगा मोजत नव्हता. तो भजनात पखवाज वाजवतो. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग टीपॉयवर बोटांनी वाजवत म्हणाला, "हे मात्रांचं आहे की. तो-ओ-क्यो-ओ, चार. नि-प्-पो-न्, चार. जोडाक्षराची अर्धी मात्रा नाही धरायची, पूर्ण धरायची. शेवटच्या नची पण." मी दोन वर्षं ज्यासाठी फोनशी भांडले ते त्यानं टीपॉयवर दहा मिनिटांत लावलं. जपानी खरोखरच अशा मात्रांवर चालते. हायकूचे पाच-सात-पाच ही त्या मात्रांचीच मोजणी. त्या दिवसापासून क्लासमध्ये नवा शब्द आला की आधी वाजवायचा, मग म्हणायचा. कॉलवरही चालतं.

सातांपैकी चौघं डिसेंबरच्या परीक्षेत पास झाली. पखवाजवाला त्यात होता. एकानं मध्येच सोडलं, त्याला भोसरीत नोकरी लागली. दोघं नापास. त्यांच्या आंकीत दिवाळीनंतर साडेसहाशे कार्डं तुंबली होती आणि तो आकडा बघूनच त्यांनी ॲप उघडायचं सोडलं. हे माझंही दर गणपतीला होतं. त्याला उपाय एकच, आकडा न बघता रोज पन्नास उपसायची. पण हे त्यांना वेळेवर सांगायचं माझं राहून गेलं. फी मी घेतली नव्हती. दिवाळीला घरी इंद्रायणीचं पंचवीस किलोचं पोतं आलं.

पखवाजवाला आता आइची प्रांतात आहे, गाड्यांच्या पार्टच्याच कारखान्यात. गेल्याच्या तिसऱ्या महिन्यात त्याचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. खूष होता. "ताई, आमचे लाइनचे साहेब रोज शिफ्ट संपताना माझ्याजवळ येतात आणि खांद्यावर हात ठेवून 'एराइ, एराइ' म्हणतात. एवढं कौतुक घरी कुणी केलं नाही." एराइ म्हणजे थोर, शाबास. माझ्या कार्डावर तेच होतं, फोनच्या शब्दकोशात तेच, भाषांतराच्या ॲपमध्येही तेच. मीही त्याला शाबासकी दिली.

पुढच्या मंगळवारच्या कॉलला मी हे मोठ्या अभिमानानं आमच्या जपानी साहेबांना सांगितलं. मूळचे ते नागोयाकडचे, म्हणजे त्याच आइची प्रांतातले. ते एवढे हसले की त्यांनी कॅमेरा बंद केला. नागोयाच्या त्या पट्ट्यात 'एराइ' म्हणजे दमलो. तो साहेब बिचारा रोज संध्याकाळी पोराच्या खांद्यावर हात टेकून 'दमलो रे बाबा, दमलो' म्हणत होता.

पोराला काय उत्तर द्यायचं ते मला दोन दिवस सुचेना. मग त्याला सांगितलं, उद्या ते म्हणतील तेव्हा तूही म्हण, "एराइ देसु ने." आणि लाइनवरच्या इतरांचं बोलणं, विचारून, थोडं थोडं रेकॉर्ड करून पाठव. त्यानं चौदा आवाज पाठवलेत. नऊ मला लागले. उरलेली पाच कार्डं आंकीत तशीच आहेत, पुढे आवाज आणि मागे कोरी. रोज सकाळी बसमध्ये येतात, मी दोनदा ऐकते आणि 'अगेन' दाबते.